बायपासनंतरचा श्वास

तीन पारदर्शक नळ्या, त्यांत तीन रंगीत बॉल आणि तोंडात धरायला एक लवचीक पाइप. बायपास झालेल्या माणसाच्या उशाशी हे यंत्र हमखास असतं. हातात आल्याबरोबर बहुतेक जण त्यात फुंकतात. करायचं असतं नेमकं उलटं. ओठ पाइपभोवती घट्ट मिटून श्वास सावकाश आत ओढायचा, बॉल वर गेला की दोन-तीन सेकंद तसाच धरायचा आणि मग सोडायचा.

रोह्याच्या माझ्या काकांचं ऑपरेशन नवी मुंबईत झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी फिजिओथेरपीच्या मॅडम आल्या आणि म्हणाल्या, “काका, आज खुर्चीत बसायचं.” काकू घाबरली. “अहो, कालच तर छाती उघडली ना?” मॅडमनी शांतपणे समजावलं. भूल दिलेली असताना फुप्फुसांचे खालचे भाग मिटतात. नंतर दुखतं म्हणून माणूस वरवर श्वास घेतो, खोकला दाबतो. कफ आत साठतो आणि न्यूमोनियाला आयतं घर मिळतं.

मग त्यांनी काकांच्या छातीशी उशी दिली. दोन्ही हातांनी ती आवळून धरायची, खोल श्वास घ्यायचा आणि खोकायचं. पहिल्या वेळी नुसताच ‘हं’ असा आवाज आला. दुसऱ्या वेळी डोळ्यांत पाणी आलं, पण कफ सुटला. त्यानंतर पहिला बॉल वर चढला, थरथरला आणि खाली आला. त्या दिवशी तेवढंच. पुढे कॉरिडॉरमध्ये चार पावलं, मग एक फेरी आणि घरी सोडायच्या आधी जिन्याच्या पायऱ्या.

एके काळी हृदयविकाराच्या झटक्यानंतर कित्येक आठवडे अंथरुणावर निजवून ठेवत. बोस्टनच्या सॅम्युएल लेव्हीन आणि बर्नार्ड लाउन यांनी १९५२ मध्ये अशा रुग्णांना लवकर खुर्चीत बसवण्याचा अनुभव प्रसिद्ध केला, तेव्हा तो धाडसी वाटला होता. आपल्या घरांत मात्र ती जुनी समजूत अजून पक्की आहे. भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळं ठेवतो आणि बजावतो, “अजिबात हलू नका.” प्रेमापोटीच, पण हाच सल्ला माणसाला मागे ओढतो.

ऑपरेशनच्या खर्चाला सरकारी योजनेचा आधार आहे. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पहिल्यांदा आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत आमचा रायगड होता. आज ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते आणि तिच्यात बायपासही बसते. पण डिस्चार्जनंतरचे आठवडे घरच्यांच्या हातात असतात. काकांच्या कागदावर गोळ्यांच्या वेळा सविस्तर लिहिल्या होत्या, व्यायामाच्या रकान्यात एकच शब्द: ‘चालणे’. किती, कधी, कुठे थांबायचं, हे आम्ही मॅडमना विचारून वहीत लिहून घेतलं. खरं तर ते छापूनच मिळायला हवं.

मॅडमनी काकांना सांगितलेला हिशेब असा. सुरुवातीला सकाळ-संध्याकाळ पाच-पाच मिनिटं, मग सोसेल तसं वाढवायचं. चालताना बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटायला लागलं की वेग कमी. जेवल्यावर लगेच नाही, उन्हात नाही. पावसाळ्यात कुंडलिका नदीच्या काठाचा हट्ट सोडून घरातच, ओटीपासून मागच्या दारापर्यंत फेऱ्या. बायपाससाठी पायातून शीर काढली असेल तर तो पाय सुजतो. बसताना स्टुलावर ठेवायचा. मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण २०११ पासून रेंगाळलंय. तपासणीला जाताना त्याचे धक्के बसणारच, म्हणून सीटबेल्ट आणि छाती यांच्यामध्ये तीच उशी.

छातीचं मधलं हाड तारेने बांधलेलं असतं. ते जुळायला साधारण सहा ते आठ आठवडे, कधी जास्तही लागतात. तोवर उठताना हातांवर जोर नाही. कुशीवर वळून, पाय खाली सोडून उठायचं. भरलेली बादली नाही, दुकानाचं शटर नाही, स्कूटर नाही. पेणच्या गणपती कारखान्यातल्या माणसाला हे सर्वांत जड जातं, कारण ऑपरेशन मार्च-एप्रिलमध्ये झालं तर पुढे ऐन सीझन असतो. त्याने रंगकामाला बसावं, मूर्ती दुसऱ्याने उचलावी, आणि पीओपीच्या धुळीपासून व स्प्रेच्या फवाऱ्यापासून त्याला लांब ठेवावं.

छातीत हाड ‘कट्’ वाजलं, जखमेतून पाणी आलं, ताप भरला, कफ हिरवट झाला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. चालताना छातीत दुखलं, चक्कर आली किंवा बसूनही धाप थांबेना, तर फोनवर विचारत बसायचं नाही. रुग्णवाहिकेसाठी १०८ ला कळवायचं.