पाहुण्यासकट फूल

सप्टेंबरातल्या कुठल्याही शनिवारी साताऱ्याहून कासकडे निघालेल्या गाड्यांत प्रत्येकाजवळ कॅमेरा असतो, निदान मोबाइल तरी. पठारावर पोचलं की मागे तेरड्याचा गुलाबी पट्टा, वर उतरलेला ढग आणि मध्ये घरची मंडळी असा एक फोटो होतो आणि सगळे गरम भजी शोधायला निघतात. सुमारे १,२०० मीटर उंचीवरचं, जांभ्या खडकावर जेमतेम माती धरून असलेलं हे पठार २०१२ साली पश्चिम घाटातल्या इतर जागांबरोबर जागतिक वारसा यादीत गेलं आणि तेव्हापासून गर्दी वाढतच गेली. पण त्या हजारो फोटोंत एक पाहुणा सहसा नसतो. ज्याच्यासाठी फुलानं हा सगळा थाट मांडला, तो कीटक.

कीटकासकट फूल टिपायचं म्हणजे आधी गुडघे टेकायचे, आणि तेही फुलांवर नव्हे. मॅक्रो लेन्सनं एखादी वस्तू तिच्या मूळ आकाराएवढी टिपायची झाली, तर एफ ११ ठेवूनही दीडेक मिलिमीटरचाच पट्टा स्पष्ट येतो. सातेरी मधमाशी सेंटिमीटरभर लांब. डोळा नेमका साधला तर पोट धूसर. पंखांचं तर विचारूच नका. ते सेकंदाला दोनशेहून जास्त वेळा हलतात, त्यामुळे शटर कितीही भराभर उघडझाप करो, पंखांच्या जागी नुसतं धुकं उमटतं. म्हणून जाणकार मंडळी फ्लॅश वापरतात, पण कमी ताकदीवर. ताकद जितकी कमी, तितकी चमक अल्पजीवी, आणि ती क्षणभराची चमकच पंख गोठवते. फ्लॅशसमोर ट्रेसिंग पेपर लावला की उजेड मऊ होतो. एवढं करूनही शंभरातले नव्वद फोटो पुसून टाकावे लागतात, हे कुणी फारसं सांगत नाही.

वेळ साधली की निम्मं काम झालं. पहाटेच्या गारव्यात फुलपाखरं आणि चतुर गवताच्या पात्याला चिकटून निपचित असतात. ऊन लागलं की आधी पंख शेकतात, मग उडतात. त्या मधल्या वेळात कॅमेरा अगदी जवळ नेता येतो. काही जण हाच परिणाम साधायला कीटक डब्यात घालून फ्रीजमध्ये गारठवतात आणि वर पाण्याचा फवारा मारून दव दाखवतात. असा फोटो सुंदर दिसतो. त्याला निसर्गाचं छायाचित्र म्हणणं मात्र अवघड आहे.

पाऊस सरला की कासकडे पाठ फिरते. मग माळावर तरवड पिवळाधमक होतो. त्याच्यापाशी थांबायचं ते कान देऊन. निळसर काळ्या पंखांचा भुंगा घुमत येतो, फुलाला मिठी मारतो आणि एकदम त्याचा सूर चढतो. पंख थांबलेले असतात, पण उडण्याचे स्नायू जोरात थरथरत असतात. तरवडात मध नसतो, आणि परागकोश सुटे उघडतही नाहीत. टोकाच्या बारीक छिद्रांतून पराग बाहेर पाडायचा तर फूल असं हलवावंच लागतं. त्या थरथरीत थोडा पराग भुंग्याच्या अंगाला चिकटून पुढच्या फुलाकडे जातो. सूर बदलला की बटण दाबायचं, हा तिथला नियम. डोळ्यांनी बघून दाबणाऱ्याला उशीर होतो.

पावसाळ्यातल्या खरचुडीचा प्रकार याहून न्यारा. कंदिलासारखं हे फूल गवतात लपलेलं असतं. त्याच्या वासाला भुलून चिलटाएवढ्या माश्या नळीत उतरतात. आत केस आहेत, आणि ते सगळे खाली वळलेले, त्यामुळे उतरायला वाट मोकळी, चढायला बंद. बुडाशी फुगीर कोठडी असते आणि तिच्या भिंतीतून उजेड झिरपतो, म्हणून माशी तिथेच घुटमळत राहते. पुढे केस सुकतात, फूल कलतं आणि माशी तोंडाला परागपुंज चिकटवून सुटते. माशी आत असताना हलकी बॅटरी फुलाच्या मागे धरली तर भिंतीवर कैद्याची सावली दिसते. फूल न फाडता आतली गोष्ट दाखवणारा हा फोटो कंबरेपर्यंत भिजण्याच्या लायकीचा आहे. (घरी आल्यावर लेन्स सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावी. घाटातली बुरशी काचेलाही सोडत नाही.)

खरचुडीचे कंद माणसं खातात, रानडुकरंही उकरतात. तिच्या काही जाती सह्याद्रीपुरत्याच उरल्या आहेत. मोबाइलवर काढलेल्या फोटोत अक्षांश-रेखांश आपोआप नोंदले जातात, तो सगळीकडे पाठवला की कुदळ घेऊन येणाऱ्यालाही पत्ता मिळतो. दुर्मीळ फुलाचा फोटो जरूर दाखवावा, जागा पोटात ठेवावी. साध्या, सगळीकडे दिसणाऱ्या फुलांवर कोण कधी आलं, याच्या तारीखवार नोंदी मात्र अभ्यासकांना हव्याच असतात.

उन्हाळ्यात माणसं कपाटात कॅमेरा ठेवतात, ते चुकतं. पळस आणि सावर पानं झाडून लाल होतात तेव्हा तिथे मधमाश्यांपेक्षा पक्ष्यांची वर्दळ जास्त असते. मधमाशीला अतिनील किरण दिसतात, लाल रंग मात्र नीट दिसत नाही. शिंजीर, साळुंकी, कोतवाल, बुलबुल यांना तो लांबून खुणावतो. सावरीच्या जाड पाकळीत डोकं खुपसलेली साळुंकी वर येते ती कपाळाला परागाची पूड लावूनच.

आणि रस्त्याकडेची घाणेरी. ही अमेरिकेहून आलेली, आपलं रान खाऊन टाकणारी झुडपं. तरी फुलपाखरांचे फोटो शिकायला याहून सोपी शाळा नाही. एकाच गुच्छात पिवळी आणि गुलाबी-लाल फुलं असतात. पिवळी ताजी, मध असलेली. जुनी झाली की रंग पालटतात. फुलपाखरू कुठे सोंड घालतं ते थोडा वेळ पाहावं, बहुतेकदा पिवळ्यातच. राज्य सरकारनं २०१५ साली राज्य फुलपाखरू ठरवलेलं ब्लू मॉरमॉनही इथे येतं, पण ते पंख फडफडवत ठेवतं आणि छायाचित्रकाराला रडवतं.

कारवीसाठी मात्र कॅलेंडर बदलावं लागतं. ती सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि मरते. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात ती २००८ आणि २०१६ साली बहरली होती. बहराच्या दिवसांत डोंगराच्या उतारावर मधमाश्यांची इतकी गर्दी होते की गुणगुण दुरून ऐकू येते. महाबळेश्वरच्या बाजूला कारवीचा दाट, गडद मध काढतात, आणि तिथलंच मांघर २०२२ मध्ये ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं. फुलं झडली की माश्या निघून जातात, काड्या वाळतात. पुढच्या पावसाचं पाणी लागलं की सुकलेली बोंडं तडतडत फुटतात आणि बिया लांब उडतात. तिथे तेव्हा सहसा कुणी कॅमेरा घेऊन बसलेलं नसतं.