बेसिनखालच्या वळणातलं पाणी

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठात शास्त्रज्ञांनी एक भन्नाट प्रयोगशाळा उभारली. तिच्यात एका ओळीत 5 बेसिनं होती, एकसारखी, रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात हात धुवायला असतात तशी. पाचांचंही सांडपाणी भिंतीमागच्या एकाच पाइपात जात होतं. आणि हा सगळा खटाटोप कशासाठी? तर बेसिनच्या जाळीखाली, अंधारात, जंतू नेमकं काय करतात ते बघण्यासाठी!

त्यांनी काय बघितलं ते सांगतेच. पण आधी उठा आणि तुमच्या घरातल्या बेसिनखाली वाकून बघा. भांडी घासायच्या सिंकखालीही बघा. पाणी वाहून नेणारा पाइप सरळ खाली जात नाही ना? आधी खाली उतरतो, मग वळून थोडा वर येतो आणि तिथून भिंतीत शिरतो. काही घरांत वाकड्या पाइपाऐवजी बाटलीसारखा एक फुगीर डबा असतो. प्लंबरकाका त्याला बॉटल ट्रॅप म्हणतात आणि वाकड्या पाइपाला पी-ट्रॅप. न्हाणीघरात जमिनीला जी जाळी असते, तिच्याखालीही असाच एक खोलगट भाग असतो. त्याचं नाव नाहणी ट्रॅप.

तुम्ही नळ बंद करता तेव्हा सगळं पाणी वाहून जात नाही. थोडं पाणी त्या वळणात अडकून राहतं. ते मुद्दामच अडकवलेलं असतं! पलीकडे गटाराकडे जाणारा पाइप असतो आणि त्यात सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड वायू असतो, झुरळं असतात, जंतू असतात. आपल्या घरातली हवा आणि त्या पाइपातली हवा यांच्यामध्ये उभं असतं ते फक्त हे पाणी. किती? साधारण 50 मिलीमीटर उंचीचं. तुमच्या पट्टीवर 5 सेंटिमीटर मोजून बघा. बस, एवढंच!

ही युक्ती एका घड्याळजीची आहे. अलेक्झांडर कमिंग हे त्यांचं नाव, मूळचे स्कॉटलंडचे. संडासाच्या भांड्याखाली इंग्रजी एस अक्षरासारखं वळण घेतलेला पाइप बसवायचा, म्हणजे त्यात पाणी थांबून राहील आणि घाण वास घरात येणार नाही, ही त्यांची कल्पना. 1775 साली त्यांनी तिचं पेटंट घेतलं. जंतूंमुळे आजार होतात हे तेव्हा कुणाला ठाऊकही नव्हतं. कमिंगना फक्त वास अडवायचा होता, आणि त्यांच्या वळणानं त्याबरोबर जंतूही अडवले. मला तर वाटतं, माणसाचा जीव वाचवणाऱ्या शोधांची यादी केली तर हे वळण तिच्यात बरंच वर असायला हवं.

ते काम कसं करतं हे बघायचंय? गवंडी लेव्हल बघायला एक पारदर्शक नळी वापरतात. हार्डवेअरच्या दुकानातून तिचा हातभर तुकडा आणा. नवीनच आणा हं, कारण तिला तोंड लावायचंय. नळी यू आकारात धरा आणि दोन्ही बाजूंना चार-चार बोटं चढेल इतकं पाणी भरा. आता एका टोकातून अगदी हळू फुंका. या बाजूचं पाणी खाली जातं, त्या बाजूचं वर चढतं, पण हवा काही पलीकडे जात नाही. आता जोरात फुंका. गुडगुड असा आवाज होतो, बुडबुडे निघतात, पाणी बाहेर उडतं. अडवायला पाणीच उरलं नाही की हवा मोकळी सुटते. उंच इमारतीत वरच्या मजल्यांवरून एकदम खूप पाणी खाली आलं की पाइपातल्या हवेचा दाब असाच हलतो. म्हणून तर गच्चीवर तोंड उघडं असलेला एक पाइप असतो. तो व्हेंट पाइप. दाब तिथून निघून जातो आणि खालच्या वळणांतलं पाणी जागेवर राहतं.

आता चला व्हर्जिनियाला. तिथल्या शास्त्रज्ञांनी ई. कोलाय नावाचे जीवाणू घेतले. त्यांच्यात हिरवी चमक देणारं एक प्रथिन तयार होईल अशी सोय केली. हे प्रथिन मुळात सापडलं एका जेलीफिशमध्ये, आणि त्याच्यावरच्या कामाला 2008 सालचं रसायनशास्त्राचं नोबेलही मिळालं. निळा किंवा अतिनील प्रकाश टाकला की असा जीवाणू हिरवागार चमकतो, मग त्याला लपायला जागाच उरत नाही! हे चमकणारे जीवाणू त्यांनी बेसिनखालच्या वळणात सोडले आणि नळ चालू केला. बेसिनभोवती जीवाणू वाढवायच्या बशा मांडून ठेवल्या, म्हणजे एखादा थेंब उडाला तर त्यातले जंतू तिथे वाढून दिसतील.

काहीच उडालं नाही. वळण खूप खाली होतं.

मग त्यांनी रोज थोडं पोषक द्रव पाइपात घातलं. रुग्णालयात उरलेलं सरबत, दूध, सलाइन असं काहीबाही बेसिनमध्ये ओतलं जातंच, तसं. आणि जीवाणूंनी काय केलं असेल? ते पाइपाच्या आतल्या भिंतीला चिकटले, एक बुळबुळीत थर तयार केला आणि त्या थरातून वर चढू लागले. दिवसाला साधारण अडीच सेंटिमीटर! डोळ्यांना न दिसणारा जीव, आणि दिवसाला अडीच सेंटिमीटर. आठवडाभरात ते जाळीपाशी पोहोचले. आता नळाची धार जाळीवर आपटली की जीवाणू थेंबांबरोबर बाहेर उडत होते, पार पाऊण मीटरपर्यंत. म्हणजे बेसिनच्या कडेला, ओट्यावर आणि हात धुणाऱ्याच्या अंगावरसुद्धा. शिवाय भिंतीमागच्या सामाईक पाइपातून ते शेजारच्या बेसिनांच्या वळणांतही शिरले. हे संशोधन 2017 साली प्रसिद्ध झालं.

घरातल्या धडधाकट माणसाला याची भीती बाळगायचं कारण नाही. साबणानं हात धुणं मुळीच सोडू नका! पण रुग्णालयातली गोष्ट वेगळी असते. तिथे आधीच अशक्त झालेली माणसं असतात. आणि तिथल्या पाइपांतल्या जंतूंवर वर्षानुवर्षं वेगवेगळ्या प्रतिजैविकांचा मारा झालेला असतो. त्यातून जे तगतात ते फार चिवट निघतात. नेहमीची औषधं त्यांच्यावर चालतच नाहीत. डॉक्टरांना तेव्हा नवं औषध लागतं, आणि नवं प्रतिजैविक शोधणं हे महाकठीण काम आहे. जगात रेणू तर अगणित. त्यातला कोणता जंतूला मारेल हे एकेक करून बघायचं म्हटलं तर आयुष्य पुरणार नाही.

इथे कृत्रिम बुद्धिमत्ता कामाला आली. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, म्हणजे एमआयटीत, जेम्स कॉलिन्स आणि रेजिना बार्झिले यांच्या गटानं आधी 2,335 रेणू प्रयोगशाळेत तपासले. यातला कोणता रेणू ई. कोलायची वाढ थांबवतो आणि कोणता थांबवत नाही, एवढंच टिपून ठेवलं. मग ही सगळी माहिती संगणकाला दिली. जंतूला थोपवणाऱ्या रेणूंची रचना कशी असते, ते संगणक त्यातून आपला आपण शिकला. नंतर त्याच्यापुढे 6 हजारांहून जास्त नवे रेणू ठेवले आणि विचारलं, सांग बरं, यातला कोण?

त्यानं एक असा रेणू काढून दिला की जो मधुमेहाचं औषध म्हणून तपासला गेला होता आणि बाजूला पडला होता. शास्त्रज्ञांनी तो खरोखर जंतूंवर वापरून बघितला. कितीतरी चिवट जंतू मेले! ज्या जंतूवर नेहमीची औषधं चालत नव्हती, त्याचा संसर्ग झालेल्या उंदरांना या रेणूचं मलम लावलं, तर 24 तासांत संसर्ग गेला. 2020 साली ही बातमी आली. रेणूचं नाव ठेवलं हॅलिसिन, एका जुन्या गाजलेल्या चित्रपटातल्या हॅल नावाच्या संगणकावरून. मग त्याच संगणकानं 3 दिवसांत 10 कोटींहून जास्त रेणू चाळले आणि आणखी काही आशा वाटावी असे रेणू समोर ठेवले. 2023 साली कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठानं आणि एमआयटीनं मिळून असाच आणखी एक शोधला, अबॉसिन. तो रुग्णालयांना छळणाऱ्या एकाच जातीच्या जंतूला टिपतो आणि बाकीच्यांच्या वाटेला जात नाही.

मेडिकलच्या दुकानात तुम्हाला हे मिळणार नाहीत. माणसांना देण्याआधी पुष्कळ चाचण्या व्हाव्या लागतात, आणि तेच बरोबर आहे. दुसरं म्हणजे हॅलिसिनपुढेही न झुकलेला एक जंतू आहे, स्यूडोमोनास एरुजिनोसा. आणि त्याला सगळ्यात काय आवडतं? ओलसर जागा. सिंकचे पाइप तर विशेषच! म्हणजे संगणक कितीही हुशार झाला तरी पाइप नीट ठेवणारा माणूस लागणारच. माझ्या मते रुग्णालयातला प्लंबरही रोगाशीच लढत असतो, आणि त्याला तो मान मिळायला हवा.

पाइपातलं पाणीच आटलं तर काय होतं, याची एक खरी आणि दुःखाची गोष्ट आहे. हाँगकाँगमध्ये ॲमॉय गार्डन्स नावाची 19 उंच इमारतींची वसाहत आहे. 2003 च्या मार्चमध्ये, सार्स नावाच्या विषाणूजन्य आजाराची साथ चालू असताना, बाहेरून आलेला एक आजारी माणूस तिथल्या ई इमारतीत नातेवाइकाकडे उतरला. त्याला जुलाब होत होते. त्यानं तिथला संडास वापरला. पुढच्या काही आठवड्यांत वसाहतीतले 300 हून जास्त लोक आजारी पडले आणि 42 जण दगावले. कोडं मोठं होतं. एकमेकांना कधी न भेटलेले लोक आजारी कसे पडले? त्यातही ई इमारतीत एकावर एक असलेल्या घरांतले?

तपास करणारे न्हाणीघरात शिरले तेव्हा उत्तर सापडलं. लोक न्हाणीघराची जमीन पाणी ओतून धूत नव्हते, ओल्या फडक्यानं पुसून घेत होते. त्यामुळे जमिनीवरच्या जाळीखालच्या वळणात पाणी जातच नव्हतं. होतं तेही हळूहळू वाफ होऊन उडालं. मग न्हाणीघरातला पंखा लावला की तो बाहेर हवा फेकायचा आणि तेवढीच हवा त्या कोरड्या वळणातून, मैलापाण्याच्या उभ्या पाइपातून घरात ओढली जायची. तिच्याबरोबर विषाणू असलेले बारीक तुषारही. तिथून ते इमारतीच्या आतल्या अरुंद चौकात गेले आणि हवेबरोबर वरच्या मजल्यांकडे चढले.

2020 साली, करोनाच्या सुरुवातीला, चीनमधल्या ग्वांगझूतल्या एका उंच इमारतीत असंच घडल्याचा संशय आला. 15, 25 आणि 27 व्या मजल्यावरची तीन कुटुंबं, एकूण 9 माणसं आजारी होती. शास्त्रज्ञांनी 15 व्या मजल्यावरच्या न्हाणीघरातल्या पाइपात एक ओळखू येणारा वायू सोडला. तो 25 व्या आणि 27 व्या मजल्यावरच्या न्हाणीघरांत निघाला!

मग वळण कोरडं पडलंय हे ओळखायचं कसं? शेकडो खोल्यांच्या इमारतीत प्रत्येक जाळी उघडून बघत बसायचं? स्कॉटलंडमधल्या एडिंबराच्या हेरियट-वॉट विद्यापीठातल्या इंजिनिअरांनी सुरेख उपाय काढला. ते पाइपात हवेची एक मंद लाट सोडतात, आपल्या कानाला ऐकूच येणार नाही इतक्या खालच्या सुरातली. किल्ल्यावर समोरच्या कड्याकडे तोंड करून हाक मारली की आवाज परत येतो ना, तशीच ही लाट पाइपाच्या टोकांवर आपटून परत येते. सगळ्या वळणांत पाणी असेल तर एका प्रकारचा प्रतिध्वनी येतो, एखादं कोरडं असेल तर वेगळा. आणि तो किती वेळानं आला यावरून अंतरही कळतं. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. प्रतिध्वनी सेकंदाच्या दहाव्या भागात परत आला, तर कोरडं वळण किती लांब? करा गणित. जाऊन येऊन 34 मीटर, म्हणजे एका बाजूनं 17 मीटर!

आपल्याकडे न्हाणीघरात बादली-तांब्यानं आंघोळ होते, फरशीवर भरपूर पाणी सांडतं, त्यामुळे नाहणी ट्रॅप सहसा कोरडा पडत नाही. पण पाहुण्यांपुरतं वापरलं जाणारं न्हाणीघर असतं, बाल्कनीतली जाळी असते, मे महिन्यात सगळे गावाला गेल्यावर बंद राहिलेलं घर असतं. उन्हाळ्यात तिथलं पाणी बघता बघता आटतं. तेव्हा हे काम तुमच्याकडे घ्या. घरातल्या सगळ्या जाळ्या मोजा, कोणत्या जाळीत आठवडाभर पाणी गेलेलं नाही ते आईबाबांना विचारा आणि दर रविवारी अशा प्रत्येक जाळीत एक-एक तांब्या पाणी ओता. गावाला निघताना आणि परतल्यावरही ओता. आणि एखाद्या जाळीतून सारखा घाण वास येत असेल, तर उदबत्ती लावून तो झाकू देऊ नका. प्लंबरकाकांना बोलवायला सांगा.