आघात आणि एमआरआय : संशोधनात स्वयंसेवकाचं काम काय?

युद्ध, बलात्कार, भीषण अपघात यांतून वाचलेल्या काहींची त्या प्रसंगातून महिनोन्‌महिने सुटका होत नाही. रात्री दचकून जाग येते, साध्या आवाजानं छाती धडधडते, आठवण करून देणाऱ्या जागा टाळल्या जातात. अमेरिकन मानसोपचार संघटनेनं १९८० साली या आजाराला ‘पीटीएसडी’ या नावानं आपल्या निदानसूचीत घेतलं. त्याचं निदान आजही मुलाखतीतूनच होतं, एमआरआय स्कॅन पाहून नाही. मेंदूत नेमकं काय बदलतं आणि आधीपासूनच काय वेगळं असतं, हे शोधायला मात्र स्कॅन लागतो आणि त्यासाठी स्वयंसेवक लागतात.

अमेरिकेतल्या विद्यापीठांत आणि माजी सैनिकांच्या रुग्णालयांत असे अभ्यास चालतात. सुरुवात चाळणीच्या प्रश्नांनी होते. पेसमेकर आहे का? शरीरात छर्रे राहिलेत का? वेल्डिंग करताना डोळ्यात लोखंडाचा कण गेला होता का? संशोधनातल्या यंत्रातल्या चुंबकाची ताकद बहुधा ३ टेस्ला, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या हजारो पट असते. त्यामुळे इथे काहीही लपवू नये.

मग संमतिपत्र. धोके, गोपनीयता, मानधन सगळं त्यात लिहिलेलं असतं. सही केल्यावरही, अगदी यंत्रात झोपलेले असतानाही, कारण न देता थांबता येतं.

पुढे प्रशिक्षित मुलाखतकार लक्षणांबद्दल एकेक करून विचारतो. अनेकांना स्कॅनपेक्षा हाच भाग जड जातो. विश्रांती हवी असेल तर मागून घ्यावी.

यंत्र अरुंद असतं आणि ठोकल्यासारखा मोठा आवाज करतं, म्हणून कानात बोळे घालायला देतात. हातात दाबायचा फुगा असतो; तो दाबला की बाहेरच्यांना कळतं. आधी मेंदूच्या रचनेची चित्रं घेतात. मग पडद्यावर घाबरलेले चेहरे दाखवतात किंवा तुमच्याच प्रसंगाचं ध्वनिमुद्रित वर्णन ऐकवतात. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिथे प्राणवायूयुक्त रक्त वाढतं आणि यंत्र तो फरक टिपतं. हा प्रतिसाद शिगेला पोचायला पाचेक सेकंद लागतात आणि तो फार क्षीण असतो, म्हणून तीच गोष्ट पुन्हा पुन्हा दाखवतात. लक्ष विशेषतः भीतीशी निगडित अमिग्डाला, स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पस आणि भीतीला आवर घालणारा कपाळामागचा भाग यांवर असतं.

एकट्याच्या चित्रावरून फारसं काही ठरत नाही. निष्कर्ष गटांच्या तुलनेतून निघतो. म्हणून आजारी व्यक्तींइतकीच, तसाच आघात सोसूनही आजार न झालेल्यांची गरज असते. कधी आघातच न सोसलेल्यांचीही. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात व्हिएतनाम युद्धातले सैनिक आणि लढाईत न गेलेले त्यांचे एकसारखे जुळे भाऊ तपासले होते. तीव्र पीटीएसडी असलेल्या सैनिकांचा हिप्पोकॅम्पस लहान होता, आणि त्यांच्या भावांचाही. म्हणजे तो आघातामुळेच आक्रसला असं म्हणता येईना. मुळातच लहान असणं हे जोखमीचं कारण असू शकतं. ‘मला काही झालं नाही, माझा काय उपयोग?’ असं म्हणून ते भाऊ घरीच राहिले असते, तर हे कळलं नसतं.

सही करण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात : स्कॅनमध्ये अनपेक्षित काही आढळलं तर मला कळवाल का? माझी चित्रं पुढे कोण वापरेल? त्या रात्री त्रास वाढला तर फोन कुणाला करायचा? आणि चालू उपचार आपल्या मनानं थांबवू नयेत. असा स्कॅन म्हणजे उपचार नव्हे.