बाल्कनीतल्या पालकासाठी कंट्रोलर

मंडळी, पाण्यावरच्या पालेभाजीला कंट्रोलर कोणता घ्यावा? आमचं मत विचाराल तर आधी पंपाची वेळ सांभाळणारा. आपण तीन आठवडे भारतात असताना पंप बंद पडला, तर इथल्या उकाड्यात पन्हाळीतली मुळं काही तासांतच सुकतात.

पीएच आपोआप राखणारे महागडे डबे आम्ही तरी टाळतो. पालेभाज्यांना साधारण ५.५ ते ६.५ पीएच लागतो खरा, पण प्रोब कायम ओला ठेवा, ४ आणि ७ च्या द्रावणात वरचेवर तपासा, ही कटकट सुटत नाहीच. त्यापेक्षा रविवारी चहा घेता घेता साध्या मीटरने मोजावं.

आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर पुरतो. हौस असेल तर ईएसपी३२ बोर्ड, रिले आणि डीएस३२३१ घड्याळ घ्या. घड्याळाला स्वतःची बॅटरी असते, त्यामुळे वीज किंवा वायफाय गेलं तरी वेळ चुकत नाही. पंपाला वीज वेगळी द्या आणि तो रिलेच्या 'एनसी' टोकाला जोडा. म्हणजे बोर्ड पार बंद पडला तरी पाणी फिरत राहतं. पंप १२ व्होल्टचाच, पाण्याजवळ २३० व्होल्ट नकोत.

आणि टाकीला घट्ट झाकण हवं, नाहीतर पालकाआधी डेंग्यूचे डास तयार!