जोडणी (लेखांक 6) : थोडा सैल, म्हणून पक्का

मागच्या लेखांकात वेल्डिंग पाहिलं. दोन पाइपांची टोकं वितळवायची आणि दोघांचा एकच पाइप करून टाकायचा, असा तो मामला. त्याआधी आटे पाहिले, फ्लँज पाहिली. या तिन्ही पद्धतींचा आग्रह एकच : एकदा जोडल्यावर पाइपांनी जागचं हलायचं नाही. आजचा जोड हा आग्रहच सोडून देतो.

तो पाहायला लांब जायला नको. नव्या उंच इमारतीच्या पार्किंगमध्ये मान वर करा. छताखालून आग विझवण्याच्या यंत्रणेचे लाल पाइप गेलेले असतात. त्यांवर ठरावीक अंतराने एक जाडसर लोखंडी कडं दिसतं. दोन अर्ध्या तुकड्यांचं, दोन्ही बाजूंना कान काढलेलं, प्रत्येक कानात एक बोल्ट. साइटवर त्याला कोणी ग्रूव्ह कपलिंग म्हणतं, कोणी व्हिक्टॉलिक, कोणी नुसतंच क्लॅम्प. फ्लँजच्या लेखांकात 150 मिलिमीटरच्या पाइपाला आठ बोल्ट लागतात असं सांगितलं होतं. इथे दोनांत भागतं. एवढ्या दाबाचं पाणी दोन बोल्ट अडवतात तरी कसे? खरं सांगायचं तर ते पाणी अडवतच नाहीत.

कामाची वाटणी

कुठल्याही जोडाची कामं दोन. पाइप एकमेकांपासून सुटू द्यायचे नाहीत आणि आतलं बाहेर येऊ द्यायचं नाही. आट्यांमध्ये ही दोन्ही कामं त्याच चार-दोन आट्यांवर पडतात, म्हणून तर प्लंबर सुतळी गुंडाळतो आणि सफेदा लावतो. वेल्डिंगमध्ये दोन्ही कामं त्या एका शिवणीवर पडतात. कपलिंगमध्ये मात्र धरायचं काम लोखंडाकडे आणि गळती रोखायचं काम रबराकडे, अशी स्वच्छ वाटणी आहे.

आधी धरण्याचं पाहू. पाइपाच्या टोकापासून साधारण 16 मिलिमीटर आत सगळ्या घेराला एक खाच पाडलेली असते. 150 मिलिमीटरच्या पाइपाला ती सुमारे 9 मिलिमीटर रुंद आणि जेमतेम 2 मिलिमीटर खोल. कड्याच्या आतल्या दोन्ही कडांना एकेक दांडा असतो. एका कडेचा दांडा एका पाइपाच्या खाचेत बसतो, दुसऱ्या कडेचा दुसऱ्याच्या. बोल्ट फक्त दोन अर्धे तुकडे एकत्र ठेवतात. पाइपांची ओढ सोसतो तो खाचेचा काठ.

दोन मिलिमीटर पुरतात का? हिशेब करून बघू. तीस मजली इमारत म्हणजे अंदाजे 90 मीटर उंची. दर 10 मीटरला पाण्याचा दाब चौरस सेंटिमीटरला एक किलोने वाढतो. म्हणजे तळाशी नुसत्या उभ्या पाण्याचाच दाब 9 किलो. पंप सुरू झाला की 12 धरू. 150 मिलिमीटर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पाइपाचा बाहेरचा व्यास 168.3 मिलिमीटर असतो, त्याचं क्षेत्रफळ सुमारे 222 चौरस सेंटिमीटर. बारांनी गुणलं की 2,660 किलो. हे पाइपाचं टोक बाहेर ढकलणारं बळ. अडीच टनांच्या वर!

आता हे बळ खाचेच्या काठावर पसरा. पाइपाचा घेर सुमारे 528 मिलिमीटर, काठ 2 मिलिमीटर, म्हणजे हजारावर चौरस मिलिमीटर जागा. एका चौरस मिलिमीटरच्या वाट्याला ढोबळमानाने अडीच किलो येतात. साधं पोलाद याच्या नऊ-दहा पट ताण सोसल्यावर मग कुठे कायमचं वाकायला लागतं. कड्याचा दांडा खाचेच्या तळापर्यंत पुरता टेकत नाही, तेव्हा प्रत्यक्षात ताण थोडा जास्त येतो. तरीही दोन मिलिमीटर भरपूर झाले. मात्र ते सगळ्या घेराला दोनच हवेत. खाच एका बाजूला उथळ राहिली, तर तिथे दांडा काठावरून निसटायला बघतो.

पाणीच बूच मारतं

कड्याच्या पोटात रबराची एक रिंग असते. तिचा काटछेद इंग्रजी सी अक्षरासारखा, तोंड आतल्या बाजूला. दोन पाइपांच्या टोकांमध्ये थोडी फट ठेवलेली असते. रिंग त्या फटीवर बसते आणि तिचे दोन ओठ दोन पाइपांच्या पाठीवर टेकतात. खाच आणि टोक यांच्यामधली ती 16 मिलिमीटरची पट्टी म्हणजे या ओठांची जागा.

रिंग पाइपापेक्षा किंचित लहान असते, त्यामुळे चढवतानाच ती ताणून बसते. वरून कडं आवळलं की ती दाबली जाते. मग लाइनमध्ये पाणी सोडलं की ते फटीतून रिंगच्या पोटात शिरतं आणि ओठांना आतून पाइपावर रेटतं. दाब वाढला की रेटाही वाढतो. फ्लँजमध्ये पाण्याचा दाब दोन तबकड्या एकमेकींपासून दूर ढकलतो, म्हणून बोल्ट जिवाच्या आकांताने आवळावे लागतात. इथे तोच दाब आपल्या बाजूने काम करतो.

ही अक्कल एका दिवसात आलेली नाही. छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीला पाणी आणणारे खापरी नळ एकाचं तोंड दुसऱ्यात सारून जोडलेले. सतराव्या शतकात व्हर्सायच्या कारंज्यांसाठी बिडाचे पाइप टाकले, त्यांना फ्लँज होत्या. 1785 साली लंडनच्या चेल्सी वॉटर कंपनीतल्या थॉमस सिम्प्सनने पाइपाच्या एका टोकाला घंटेसारखं रुंद तोंड दिलं. त्यात दुसऱ्या पाइपाचं टोक घालायचं, फटीत ताग ठासायचा आणि वरून वितळलेलं शिसं ओतायचं. या जोडाने पुढची दीडशे वर्षं जगभरच्या शहरांना पाणी पाजलं. तो पाणी धरायचा, पण जमीन खचली की शिसं जागचं सरकायचं आणि ठिबकायला लागायचं.

रबराला या कामावर आणलं ते गॅसने. 1880च्या दशकात अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्ड गावी सॉलोमन ड्रेसर नावाचा माणूस आट्यांच्या जोडांतून निसटणाऱ्या नैसर्गिक वायूवर उपाय शोधत होता. त्याने दोन टोकांवर एक नळकांडं सरकवलं, दोन्हीकडून रबरी रिंगा घातल्या आणि बोल्टांनी त्या दाबल्या. गॅस थांबला. पुढे हे गृहस्थ अमेरिकी संसदेवरही निवडून गेले. मात्र त्यांचं नळकांडं पाइपांना धरून ठेवत नव्हतं. ते फक्त गळती रोखत होतं.

धरणारं कडं आलं पहिल्या महायुद्धात. ब्रिटिश सैन्याच्या रॉयल इंजिनिअर्समधल्या अर्नेस्ट ट्राइब या लेफ्टनंटला पाइप झटपट जोडायचे आणि तितकेच झटपट सोडवायचे होते. त्यातून खाच, कडं आणि रबर या त्रिकुटाचं पेटंट झालं. 1919 मध्ये लंडनला कंपनी निघाली. तिचंच व्हिक्टॉलिक हे नाव आज आपल्याकडच्या फिटरच्या तोंडी आहे. दुसऱ्या महायुद्धात हे कडं आपल्या देशातूनही गेलं. कलकत्त्याहून आसाम, तिथून ब्रह्मदेशातल्या डोंगरांवरून चीनमधल्या कुनमिंगपर्यंत अमेरिकी सैन्याने तीन हजार किलोमीटरच्या घरात पोचणारी इंधनवाहिनी टाकली. तिच्यासाठी खांद्यावरून नेता येतील असे हलक्या पत्र्याचे पाइप होते आणि ते असल्या कड्यांनी जोडले जात. पावसात, चिखलात, उतारावर जिथे वेल्डिंगची कल्पनाही करवत नाही, तिथे एक पाना पुरत होता.

सैलपणाचा हिशेब

आता शीर्षकातल्या सैलपणाकडे वळू. कड्याचा दांडा खाचेपेक्षा थोडा अरुंद असतो, त्यामुळे पाइपाला पुढेमागे सरकायला जागा मिळते. 150 मिलिमीटरच्या पाइपाला एका जोडात तीनेक मिलिमीटर, आणि तिरकं व्हायला साधारण एक अंश.

एवढ्याशा जागेचा उपयोग काय? पोलाद तापलं की लांबतं : एका मीटरला, एका अंशाला, 0.012 मिलिमीटर. गच्चीवरून गेलेली 30 मीटरची लाइन पहाटे 15 अंशांवर असेल आणि दुपारी उन्हात 45वर गेली, तर ती जवळजवळ 11 मिलिमीटर लांबते. वेल्ड केलेल्या लाइनला त्यासाठी मुद्दाम वळसा द्यावा लागतो, नाहीतर ती आधार उखडते. सहा-सहा मीटरचे पाइप असतील, तर प्रत्येक जोडाच्या वाट्याला दोन-अडीच मिलिमीटर येतात आणि ते जोडातच जिरतात. भूकंपात मजले एकमेकांच्या तुलनेत सरकतात, तिथेही हेच. म्हणून उभ्या मुख्य पाइपाच्या वर आणि खाली हलणारी कपलिंग बसवायची पद्धत आहे. पंपाची थरथरही तीन-चार जोडांत बरीच विरते.

पण सैलपणा फुकट मिळत नाही. जोडताना पाइप टोकाला टोक भिडवून बसवले आणि मग पंप सुरू केला, तर दाबाने प्रत्येक जोड आपली तीन मिलिमीटरची हौस भागवून घेतो. वीस जोडांची लाइन सहा सेंटिमीटर लांबते. ती मोकळी टांगलेली असेल तर सापासारखी वळते, आणि एखाद्या फांदीवरचा स्प्रिंकलर छतात घुसतो. म्हणून लाइन कुठे बांधायची आणि कुठे मोकळी सोडायची, हे आधी कागदावर ठरवावं लागतं. जिथे हालचाल नकोच, तिथे दुसऱ्या जातीचं कडं वापरतात. त्याचे कान तिरके कापलेले असतात. बोल्ट आवळले की दोन अर्धे एकमेकांवर किंचित सरकतात आणि पाइपाला करकचून धरतात. बाहेरून दोन्ही सारखीच वाटतात, फरक कानांच्या रेषेत.

जमिनीखाली कथा निराळी. पालिकेच्या बिडाच्या लाइनला तडा गेला की तडकलेला तुकडा कापतात, नवा तुकडा ठेवतात आणि दोन्ही फटींवर एमजे कॉलर सरकवून बोल्ट आवळतात. ही कॉलर ड्रेसरच्या कुळातली : गळती रोखते, पाइप धरत नाही. सरळ लाइनवर मातीच पाइपाला धरते, त्यामुळे चालून जातं. वळणावर मात्र पाणी कोपऱ्याला बाहेर ढकलतं. मघाच्याच पाइपाला 7 किलो दाबावर काटकोनात वळवलं, तर हे बळ सव्वादोन टनांच्या आसपास भरतं. म्हणून वळणाच्या पाठीशी काँक्रीटचा ठोकळा टाकावा लागतो. विदर्भ-मराठवाड्यातली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिथे पाइपाच्या प्रत्येक टोकाला थोडं हलू देणारी कॉलर ताठ जोडापेक्षा जास्त वर्षं काढते.

मिस्त्रीचा हात

कसबी फिटर हे कडं बसवताना सगळ्यात आधी पाइपाच्या टोकावरून बोट फिरवतो. त्या 16 मिलिमीटरच्या पट्टीवर वेल्डिंगची उभी शिवण उंचावलेली असेल, रंगाचा ओघळ वाळलेला असेल किंवा गंजाचा पापुद्रा असेल, तर रबर तिथे नीट टेकणार नाही. बोटाला लागलं की तो कानस काढतो. मग रिंगला आतबाहेर वंगण लावून ती एका पाइपावर पूर्ण सरकवतो, दुसरा पाइप समोर आणतो आणि रिंग फटीच्या मधोमध ओढून घेतो. वर दोन अर्धे बसवतो. बोल्टांची मान लंबगोल असते आणि कानाच्या भोकात अडकते, म्हणून डोकं धरायला दुसरा पाना लागत नाही. एका बाजूला थोडं, दुसऱ्या बाजूला थोडं असं आवळत जायचं. एकच बोल्ट आधी घट्ट केला, तर दुसऱ्या कानात रबर चिमटतं. साध्या प्रकारात दोन्हीकडचे कान लोखंडाला लोखंड टेकले की काम झालं.

ही शेवटची गोष्ट फार मोलाची आहे. वेल्डिंग आतून कसं झालं हे कळायला एक्स-रे लागतो, आटे किती चढले हे बाहेरून सांगता येत नाही. इथे टॉर्च मारली की दिसतं. शिवाय माणसं राहत असलेल्या इमारतीत ठिणग्या उडवायच्या नाहीत आणि गॅल्व्हनाइज्ड पाइपावरचं जस्तही जाळायचं नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो वंगणाचा. पाण्यासाठीची रिंग बहुधा ईपीडीएम रबराची असते. पाण्यात ती वर्षानुवर्षं टिकते, पण तेलात फुगते. हाताशी आहे म्हणून गाडीचं ग्रीस चोपडलं, तर त्या दिवशी टेस्ट पास होते आणि पुढे कधीतरी जोड रडायला लागतो. सिलिकॉनचं वंगण किंवा कंपनीने दिलेलं साबणासारखं वंगणच वापरायचं. तेलाच्या लाइनला नायट्राइलची रिंग लागते. कुठली कोणती हे चटकन कळावं म्हणून रिंगवर रंगीत रेघ असते. व्हिक्टॉलिकच्या रिंगांवर पाण्याच्या ईपीडीएमला हिरवी आणि नायट्राइलला नारिंगी.

सोडण्यासाठीच धरणारे

या घराण्यातली दोन भावंडं धरण्यापेक्षा सोडण्यासाठी ओळखली जातात. दूध, वाइन आणि औषधांच्या कारखान्यांत स्टीलच्या पाइपांना टीसी क्लॅम्प असतो. बिजागरीचं कडं, एक पंखाचा नट. पाना न लावता हाताने उघडायचं, गॅस्केट काढून धुवायचं, पुन्हा बसवायचं. आत जिथे जंतू दडतील अशी फट नको, म्हणून तिथे खाच नाही की आटे नाहीत. दुसरं भावंड व्ही-बँड. दोन तिरक्या कडांवर पाचरीसारखा बसणारा हा पट्टा ट्रकच्या टर्बोवर असतो. अमेरिकेत तो लोकप्रिय करणाऱ्या मार्मन कंपनीचे मालक होते मार्क्स ब्रदर्स या विनोदी चौकडीतले झेप्पो मार्क्स. रॉकेटच्या माथ्यावर उपग्रह याच जातीच्या पट्ट्याने आवळलेला असतो. ठरल्या क्षणी बोल्ट तोडला की पट्टा उघडतो आणि उपग्रह मोकळा.

वाचकांपैकी जे सोसायटीच्या कमिटीवर आहेत, त्यांच्यासाठी शेवटी थोडं कामाचं. महाराष्ट्रात 2006च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं नमुना ‘ब’ प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक संस्थेकडून घेऊन द्यावं लागतं. ती माणसं आली की नुसती सही घेऊ नका, सोबत पार्किंगमध्ये फिरा. कानांमध्ये फट राहिलेली दिसते का, बोल्टच्या टोकाशी गंजाचा ओघळ आहे का, कड्याखाली रंग फुगलाय का, लाइनचा आधार सुटून पाइप जोडावर लोंबतोय का, एवढं विचारा. आणि जोड ठिबकताना दिसला, तर पाण्याचा दाब पूर्ण उतरवल्याशिवाय बोल्टला पाना लावू देऊ नका. आतल्या अडीच टनांचा हिशेब तुम्हाला आता माहीत आहे.

पुढच्या लेखांकात : ज्या पाइपांना खाचही पाडता येत नाही आणि वेल्डिंगचा दिवाही लावता येत नाही, ते शेतातले काळे एचडीपीई पाइप तव्यावर तापवून कसे जोडतात.