लहानशी आगगाडी, मोठा गोतावळा

खेळ मुलांनीं खेळावा आणि मोठ्यांनीं तो कौतुकानें पाहावा, अशी वांटणी आपल्या घरोघरीं फार पूर्वींपासून ठरून गेलेली आहे. पन्नाशी उलटलेला गृहस्थ पत्त्यांचा डाव मांडून बसला किंवा बुद्धिबळांत अर्धी रात्र घालवूं लागला, तर त्याला कोणी नांवें ठेवीत नाहीं. परंतु तोच गृहस्थ वीतभर लांबीचें इंजिन टेबलावर ठेवून त्याच्या मागें चार डबे जोडूं लागला, कीं घरांतील वडीलधाऱ्यांपासून नव्या सुनेपर्यंत सर्वांच्या चेहऱ्यावर एकच हसूं उमटतें. ‘नातवाचें खेळणें आजोबांनीं पळविलें’ असेंच जो तो मनांत म्हणतो. हें हसणें सर्वस्वी अन्यायाचें आहे, असें आमचें म्हणणें नाहीं. मात्र या खेळाच्या पाठीमागें केवढा मोठा गोतावळा उभा आहे, आणि त्या गोतावळ्याला एकत्र बांधणारी वस्तु इंजिन नसून गप्पा ही आहे, हें वाचकांस सांगण्यासारखें आहे.

आगगाडीचें खेळणें आगगाडीइतकेंच नसलें, तरी बरेंच जुनें आहे. त्याला खरें वळण मिळालें तें जर्मनींत. ग्योपिंगेन येथील मेर्कलिन कंपनीनें १८९१ सालीं लाइप्त्सिगच्या जत्रेंत किल्लीवर चालणारी गाडी मांडली आणि तिच्यासाठीं ठराविक मापांचे, एकमेकांस जोडतां येणारे रूळ तयार केले. वरकरणीं ही गोष्ट क्षुल्लक वाटेल; पण यापुढें खेळणें हें एकदां विकत घेऊन मोडून टाकण्याची वस्तु राहिलें नाहीं. यंदा वर्तुळ, पुढल्या वर्षीं सांधा, त्यापुढल्या वर्षीं स्टेशन, असें तें घराबरोबर वाढूं लागलें. इंग्लंडांत लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनीं आपल्या मुलांसाठीं काढलेल्या भोकांच्या पट्ट्यांच्या खेळाचा १९०१ सालीं हक्क नोंदविला. ‘मेकॅनो’ या नांवानें तो पुढें जगभर गेला. याच गृहस्थांच्या कारखान्यांतून १९२० सालीं किल्लीच्या गाड्या बाहेर पडल्या. कारखानदार धोरणी खरा! नुसत्या गाड्या विकून मुलांचा उत्साह टिकणार नाहीं, हें ओळखून त्यानें १९२८ सालीं मुलांचें एक मंडळ काढलें. त्या मंडळाचा बिल्ला कोटाला लावलेलीं दोन अनोळखी मुलें रस्त्यांत भेटलीं, कीं बोलण्यास विषय शोधावा लागत नसे.

मोठ्यांनीं तर मुलांच्याही आधीं ही वाट धरली होती. लंडन शहरांत ‘मॉडेल रेल्वे क्लब’ या नांवाची संस्था १९१० सालीं स्थापन झाली. जगांतील अशा मंडळांत ती सर्वांत जुनी समजली जाते, आणि किंग्ज क्रॉस स्टेशनच्या जवळ १९६० पासून तिची स्वतःची वास्तु आहे. अशा मंडळांतून कारकून, डॉक्टर, शाळामास्तर, पाद्री आणि सेवानिवृत्त इंजिनडायव्हर एकाच बाकावर बसतात. पाद्र्यांचें नांव उगीच घेतलें नाहीं. ‘थॉमस’ नामक निळ्या इंजिनाच्या गोष्टी, ज्या आज आपल्याकडील बालवाडींतल्या मुलांनाही ठाऊक आहेत, त्या लिहिणारे रेव्हरंड ऑड्री हे धर्मोपदेशकच होते. गोंवर आलेल्या मुलाला रमविण्यासाठीं त्यांनीं त्या गोष्टी रचल्या, आणि पहिलें पुस्तक १९४५ सालीं निघालें. हेच गृहस्थ स्वतः लहान आगगाड्यांची मांडणी करीत आणि ती प्रदर्शनांतून लोकांना दाखवीत.

आतां हे लोक एकत्र जमून बोलतात तरी काय, असा प्रश्न सहजच निघेल. त्यांच्या बोलण्यांतला एक वाद तर जवळजवळ शतकभर चाललेला आहे. तो असा. इंग्लंडांतील सर्वांत लोकप्रिय प्रमाणांत खऱ्या गाडीचा एक फूट म्हणजे खेळांतले चार मिलिमीटर. त्या हिशोबानें ४ फूट ८॥ इंच रुंदीचा खरा मार्ग १८.८३ मिलिमीटरांचा व्हावयास पाहिजे. पण इंग्लंडांतलीं खरीं इंजिनें अंगानें लहान. त्यांच्या प्रतिकृतींत त्या काळच्या विजेच्या मोटारी मावेनात. म्हणून वरचें इंजिन थोडें मोठें केलें आणि खालचे रूळ मात्र युरोपांतल्या मापाचे, १६.५ मिलिमीटरांचे, तसेच ठेवले. परिणाम असा झाला, कीं आजहि हजारों इंग्रजी गाड्या खऱ्या हिशोबानें ४ फूट १॥ इंचाच्या मार्गावरून धांवतात. म्हणजे बरोबर सात इंचांची चोरी! कांहींनीं ती सोसली, कांहींनीं १८.२ मिलिमीटरांवर तडजोड केली, तर कांहीं कर्मठांनीं १८.८३ चा आग्रह धरून चाकें आणि सांधे हातानें घडविले. सोंवळ्याओंवळ्याचा वाद ज्यांनीं घरांत ऐकला आहे, त्यांना या तीन पंथांची प्रकृति समजावून सांगण्याचें कारण नाहीं. विशेष एवढाच, कीं इतका वाद घालूनहि हीं मंडळी चहा एकाच किटलींतला पितात.

आपल्या देशांतील छांदिष्टांना याच्या उलट अडचण पडते. आपला रुंद मार्ग ५ फूट ६ इंचांचा, म्हणजे १६७६ मिलिमीटरांचा. बाजारांत मिळणारे १६.५ मिलिमीटरांचे रूळ १ : ८७ या प्रमाणांत युरोपच्या मार्गाला तंतोतंत जुळतात, पण भारतीय गाडीला खरें पाहतां सवाएकोणीस मिलिमीटर हवेत. मग डबा खरा ठेवावा कीं रूळ? या एका प्रश्नावर दोन भारतीय छांदिष्टांची संध्याकाळ सुखानें जाते, आणि उत्तर न मिळतांच दोघे दुसऱ्या दिवशीं पुन्हां भेटावयाचें ठरवितात.

परंतु असे तात्त्विक वाद नित्याचे नव्हेत. रोजचें बोलणें हें अगदीं स्वयंपाकघरांतल्या बोलण्यासारखें असतें. गाडीला वीज मिळते ती रुळांतून चाकांवाटे. त्यामुळें रुळावर धुळीचा पातळ थर बसला तरी इंजिन अडखळतें. तो थर कोणत्या फडक्यानें पुसावा, स्पिरिट किती घ्यावें, यावर प्रत्येकाचें मत निराळें. रुळांखालीं पसरलेली बारीक खडी जागच्या जागीं बसावी म्हणून पांढरा डिंक पाण्यांत पातळ करून थेंबाथेंबानें सोडतात. पण त्यांत भांडीं घासण्याच्या साबणाचा एक थेंब घातला नाहीं, तर पाणी खडीवर मोत्यासारखें गोळा होऊन बसतें आणि खडी तरंगते. साबणानें पाण्याचा ताण मोडतो, आणि डिंक खडीच्या फटींत शिरतो. टेंकडीवर झुडुपें दाखवावयाचीं, तर थंड प्रदेशांतलें एक प्रकारचें शेवाळासारखें दगडफूल रंगवून लावतात. आपल्या गोड्या मसाल्यांतील दगडफूल त्याच्याच जातकुळींतलें. गवतासाठीं लांकडाचा भुसा हिरवा रंगवून चाळण्याची जुनी रीत आहे. अमुकीच्या हातचें लोणचें वर्षभर कां टिकतें, याची चौकशी जितक्या आस्थेनें आपल्या माजघरांत होते, तितक्याच आस्थेनें अमक्याची खडी इतकी नीट कशी बसली, याची तेथें होते. आणि लोणच्याच्या बाबतींत क्वचित् घडतें तसें तेथें कोणी प्रमाण लपवून ठेवीत नाहीं.

या गप्पांना एक गुण असा आहे, जो दिवाणखान्यांतल्या गप्पांना सहसा नसतो. समोरासमोर बसून ‘आपलें कसें काय चाललें आहे?’ असें विचारलें, तर पुरुषमाणूस ‘ठीक आहे’ यापलीकडे फारसें बोलत नाहीं. परंतु दोघांचे हात एकाच डब्याच्या चाकांत गुंतलेले असतील, आणि दोघांची नजर एकमेकांवर नसून त्या डब्यावर असेल, तर मध्येंच सहज शब्द निघून जातो. नोकरी संपल्यावर दिवस रिकामा वाटूं लागला, पत्नी गेल्यावर घर मोठें झालें, मुलगा परदेशीं गेला, हें असल्या वेळींच बोललें जातें. ऐकणारा सांत्वनाचें व्याख्यान देत नाहीं. तो स्क्रूड्रायव्हर पुढें करतो, आणि पुढच्या आठवड्यांत अवश्य येण्याचा आग्रह करतो. एकटेपणावर याहून मोठें औषध पुष्कळदां नसतें.

अशा बैठकींतून कधीं कधीं अनपेक्षित फळेंही निघतात. अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यापीठांत विद्यार्थ्यांनीं १९४६ सालीं लहान आगगाड्यांचें मंडळ काढलें. तेथें एक गट डबे आणि देखावे रंगविणारांचा, तर दुसरा मांडणीखालच्या तारांचा. हा दुसरा गट टेलिफोनच्या जुन्या यंत्रसामग्रींतून गाड्यांचें नियंत्रण घडवी. एखादी चतुर, मजेखातर केलेली करामत असली, कीं तिला ते आपसांत ‘हॅक’ म्हणत. त्यांच्यांतल्या पीटर सॅम्सन नांवाच्या विद्यार्थ्यानें १९५९ सालीं मंडळांतल्या अशा शब्दांचा एक छोटा कोशच तयार केला. त्याच सुमारास त्या विद्यापीठांत नवे गणकयंत्र आलें. रुळांखालच्या तारांत मुरलेलीं हींच मुलें रात्र रात्र त्या यंत्रापाशीं बसूं लागलीं आणि आपली बोली बरोबर घेऊन गेलीं. आज ‘हॅकर’ हा शब्द मराठी वर्तमानपत्रांतही येतो, बहुधा चोराच्या अर्थानें. पण त्याला आजचें रूप जेथें आलें, त्या घरांत एक खेळांतली आगगाडी धांवत होती.

आतां या छंदाची दुखरी बाजू सांगितली पाहिजे. जन्मभर खपून उभारलेली मांडणी तिच्या कर्त्यामागें कोणी सांभाळावयाची? कॅलिफोर्नियांतल्या माँटेरे येथें जॉन ॲलन नांवाच्या छायाचित्रकारानें आपल्या घरांत डोंगर, दऱ्या आणि पूल यांनीं भरलेली जी मांडणी केली, ती अमेरिकेंत सर्वांत प्रसिद्ध होती. जानेवारी १९७३ मध्यें ते वारले, आणि पुढें दहाच दिवसांत त्या घराला आग लागून ती मांडणी बहुतेक सर्व जळून गेली. उरलीं तीं छायाचित्रें, आणि तेथें गाड्या चालविण्यास जमणाऱ्या मित्रांच्या आठवणी. त्या आठवणींच्या जोरावरच पुढच्या पिढीनें त्यांची रीत उचलली.

याच्या शेजारीं दुसरें उदाहरण ठेवून पाहावें. ऑस्ट्रेलियांतून १९२५ सालीं इंग्लंडांत आलेल्या रॉय इंग्लंड नांवाच्या तरुणाला ऑक्सफर्डच्या नैर्ऋत्येकडील खेडीं आपल्या डोळ्यांदेखत बदलतांना दिसलीं. गवती छपरें जाऊन नवीं छपरें येत होतीं. तीं जुनीं घरें मापें घेऊन लहान प्रमाणांत राखून ठेवावीं, असें त्यानें मनावर घेतलें. १९५४ पासून लाँग विटनम या खेड्यांत त्याचें ‘पेंडन’ हें संग्रहालय उभें राहिलें. संस्थापक १९९५ सालीं निवर्तले. पण स्वयंसेवकांनीं तें काम पुढें चालू ठेवलें. लंडनच्या ज्या क्लबाचा वर उल्लेख केला, त्याच्या सभासदांनीं किंग्ज क्रॉसच्या उत्तरेकडील जुन्या वस्तीची जी मांडणी १९८० नंतरच्या दशकांत सुरू केली, तिच्यावरहि अनेक वर्षें अनेक हात फिरले. एकानें घातलेला पूल दुसऱ्यानें रंगविला. एकत्र कुटुंबांत वाढलेल्यांना या रीतीचें नवल वाटूं नये. आपल्या जुन्या वाड्यांचे सोपे असेच पिढ्यापिढ्यांनीं वाढविलेले असत.

आपल्याकडेहि अगदींच अंधार नाहीं. पुण्यांत कोथरूड भागांत भाऊ जोशी यांनीं आयुष्यभराच्या छंदांतून उभें केलेलें लहान आगगाड्यांचें संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजीं लोकांसाठीं खुलें झालें. एका टेबलावर सबंध शहर, त्यांतले दिवे आणि सिग्नल, आणि त्यामधून वाट काढणाऱ्या गाड्या पाहतांना लहान मुलें जितकीं गप्प होतात, तितकेच त्यांचे आजोबा बोलके होतात.

हें आजोबांचें बोलकें होणें, हाच आमच्या मतें या सर्व प्रकरणाचा गाभा आहे. रुंद मार्गावरचें वाफेचें इंजिन आपल्या देशांत १९९५ सालीं नित्याच्या कामांतून गेलें. पुणें-मिरज मार्ग एके काळीं मीटर मापाचा होता, कुर्डुवाडीहून सुटणारी बार्शीची गाडी तर अडीच फुटी रुळांवरून चाले. हे दोन्ही मार्ग आतां रुंद झाले. त्या गाड्यांच्या डब्यांना खिडक्या किती, बाकें आडवीं कीं उभीं, रंग विटकरी कीं दुसरा, डब्यांत दिवा कोठें टांगलेला असे, हें ज्यांना सांगतां येईल अशीं माणसें पुष्कळ घरांतून अजून आहेत. पण त्यांना कोणी विचारीत नाहीं. नुसतें ‘तुमच्या वेळच्या गोष्टी सांगा’ असें म्हटलें, तर ठराविक चार गोष्टी निघतात. उलट पुठ्ठा, कात्री आणि डिंक घेऊन नातू जर तो डबा करावयास बसला, तर त्याला अडल्या ठिकाणीं नेमका प्रश्न विचारावाच लागतो. आणि नेमक्या प्रश्नाला म्हातारपणची स्मृति जितकी चटकन उत्तर देते, तितकी दुसऱ्या कशालाहि देत नाहीं.

यासाठीं महागडी विलायती गाडी आणावयास पाहिजे, असें मुळींच नाहीं. विजेची गाडी परवडत असेल त्यानें अवश्य घ्यावी. ज्याला परवडत नाहीं त्यानें आगपेटीचे डबे आणि बांबूच्या कामट्यांचे रूळ करावेत. गाडी धांवली नाहीं तरी चालेल. तिच्याभोंवतीं सायंकाळीं घरांतलीं तीन पिढ्यांचीं माणसें पाट मांडून बसलीं, एकानें माप विचारलें, दुसऱ्यानें तें आठवून सांगितलें, आणि तिसऱ्यानें ‘छे, तसें नव्हतें’ म्हणून वाद घातला, म्हणजे पुष्कळ झालें.