पैसे परत मागणारे गिऱ्हाईक

कोकणात पावसाळा सरला की घरांच्या भिंती हिरव्या-काळ्या दिसू लागतात. रत्नागिरीसारख्या ठिकाणी वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. चिऱ्याचा गडगा, पेव्हर ब्लॉकचे अंगण, गच्ची, पायऱ्या, सगळीकडे शेवाळ धरते. पूर्वी घरातली माणसे खराटा आणि ब्लीचिंग पावडर घेऊन हे काम उरकत. आता घरात तेवढी माणसेच नाहीत. मुलगा कतारला, सून-नातवंडे मुंब्र्याला आणि मोठ्या घरात एकटी अम्मी. म्हणून प्रेशर वॉशर मशीन घेऊन घरे आणि अंगणे धुऊन देण्याचा धंदा आपल्या काही तरुणांनी सुरू केला आहे. आखातातून परतलेल्यांना हे काम नवे नसते. तिकडे त्यांनी उंच इमारतींच्या काचाही धुतलेल्या असतात.

माझ्या वर्गातून गेलेली तीन मुले आज याच धंद्यात आहेत. काम तिघांनाही येते. अडते ते एकाच जागी. काम झाल्यावर गिऱ्हाईक म्हणते, "आम्हाला नाही पटले, पैसे परत द्या." एक जण तिथल्या तिथे हुज्जत घालतो. दुसरा भिडेपोटी सगळे पैसे देऊन मोकळा होतो आणि संध्याकाळी मजुरांना काय द्यायचे म्हणून बायकोच्या बचतीला हात घालतो. तिसरा फोन उचलत नाही, आणि कोणी दारात आलेच, तर लहान मुलाला पुढे करतो, "सांग, अब्बा घरात नाहीत." शिक्षक म्हणून मला या तिसऱ्याची सर्वांत जास्त काळजी वाटते. दोन हजार रुपयांच्या वादात त्या मुलाला काय शिकवले जाते आहे, याचा हिशेब कोणी मांडत नाही.

तक्रार आली की पहिला प्रश्न पैशांचा नसतो. बिघडले आहे ते नेमके काय, हा असतो. पायऱ्यांच्या कडा राहिल्या, कोपऱ्यात शेवाळ तसेच आहे, तर काम अपुरे आहे. ते पुन्हा जाऊन, काही न घेता पुरे करून द्यायचे. इथे पैसे परत करण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन घेऊन हजर होणे गिऱ्हाइकालाही जास्त आवडते.

नुकसान झाले असेल तर गोष्ट वेगळी. जांभा दगड सच्छिद्र आणि तसा मऊ असतो. अगदी जवळून जोराचा फवारा मारला तर दगडाचा पापुद्रा सुटतो आणि सांध्यातले सिमेंट उडते. संगमरवर, कडप्पा, शहाबादी फरशी हे चुन्याच्या जातीचे दगड. त्यांवर ॲसिड पडले की चकाकी जाते आणि पुन्हा पॉलिश केल्याशिवाय येत नाही. अशा वेळी नुसती मजुरी परत करून भागत नाही. फरशी पहिल्यासारखी करून देण्याचा खर्च आपल्यावर येतो आणि तो मजुरीपेक्षा जास्त असू शकतो. (ब्लीचिंग आणि ॲसिड एकत्र केले तर विषारी क्लोरीन वायू निघतो. घाई करणारे मजूर हे करतात, म्हणून इथेच सांगून ठेवते.)

उरल्या त्या तक्रारी, ज्यांत काम बरोबर झालेले असते पण गिऱ्हाइकाच्या मनात वेगळेच चित्र असते. बोअरवेलच्या क्षारांचे जुने डाग काचेत मुरलेले असतील तर साध्या धुण्याने ते जात नाहीत. जुना रंग भुकटी होऊन सुटायला आलेला असेल तर पाण्याबरोबर तो निघणारच. ओलसर भिंत धुऊन वाळली की आतले क्षार वर येतात आणि पांढरा लोणा दिसू लागतो. धुणाऱ्याने तो आणलेला नसतो. पण त्याला हे माहीत असते आणि गिऱ्हाइकाला नसते. सगळा वाद या फरकातून उभा राहतो.

या मुलांपैकी पहिल्याचे एक काम सांगण्यासारखे आहे. घराचा मालक कुवेतला, घरात त्याची आई. नऊ हजारांत ठरले होते: अंगण साडेचार हजार, गडगा अडीच हजार, घराची मागची भिंत दोन हजार. काम झाले तेव्हा खाला खूश होत्या. "बेटा, घर नवे दिसते रे," म्हणाल्या, चहा दिला, उरलेले पैसे दिले. चार दिवसांनी भिंत वाळली आणि पांढरे चट्टे उठले. त्या रात्री मालकाने व्हिडिओ कॉलवर ते पाहिले. मग वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रागाचा आवाजी निरोप आला. नऊच्या नऊ हजार परत हवेत, आमच्या अम्मीला एकटी बघून फसवले.

एरवी हुज्जत घालणारा हा मुलगा त्या दिवशी गप्प राहिला. ग्रुपवर एक अक्षर लिहिले नाही. सकाळी खालांना फोन करून, येऊ का म्हणून विचारले, आणि मालकाला व्हिडिओ कॉलवर घेऊन सगळ्या घराभोवती सावकाश फिरला. कामाआधीचे फोटो त्याच्याकडे होते. अंगण स्वच्छ होते, ते मालकानेही मान्य केले. फाटकाजवळ गडग्याच्या पाच-सहा फुटांत सांध्यातले सिमेंट मात्र उडाले होते. ते मालकाला दिसलेही नव्हते; या मुलानेच दाखवले आणि म्हणाला, "ही चूक आमची, गवंडी आणून भरून देतो." मागच्या भिंतीचा लोणा जुन्या ओलीचा होता, पण तसे होईल हे आधी सांगितलेले नव्हते. म्हणून भिंतीच्या दोन हजारांपैकी एक हजार परत करायचे ठरले.

काहींच्या मते हा एक हजार उगाच दिला. मला तसे वाटत नाही. ज्याला धंद्याची माहिती आहे त्याने ती आधी सांगायची असते. न सांगितल्याची काही किंमत मोजावी लागणारच. पण नऊ हजार देणेही इन्साफ नव्हता, कारण अंगणात घाम गाळलेल्या दोन मजुरांचे काम खरे होते. मालक पूर्ण समाधानी झाला का? नाही. पुढच्या वर्षी त्याने दुसऱ्याला बोलावले. खालांनी मात्र आपल्या बहिणीकडचे काम याच मुलाला दिले.

शरीअतमध्ये झालेला सौदा दोघांच्या राजीखुशीने मोडण्याला इकाला म्हणतात, आणि पस्तावलेल्या गिऱ्हाइकाचा माल परत घेणाऱ्याची हदीसमध्ये मोठी तारीफ आहे. पण माल परत येऊ शकतो, धुतलेले अंगण परत येत नाही. म्हणून इथे सवलत देणे हा एहसान आहे आणि अपुऱ्या कामाचे पैसे परत करणे हे देणे आहे. या दोन्हींची गल्लत केली की माणूस एक तर देणे बुडवतो किंवा एहसानाच्या नावाखाली घर धुऊन बसतो.

देशाचा कायदाही याबाबत स्पष्ट आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा जुलै २०२० मध्ये लागू झाला. सेवेत त्रुटी असेल आणि पावतीवर लिहिलेल्या मुदतीत, किंवा मुदत लिहिलेली नसल्यास तीस दिवसांत, पैसे परत करायला नकार दिला, तर ती अनुचित व्यापारी प्रथा ठरते. पावती न देणे हीसुद्धा. त्यामुळे "दिलेले पैसे परत मिळणार नाहीत" असा शिक्का मारून कोणी सुटत नाही. गिऱ्हाईक दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ शकते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही. १९१५ या क्रमांकावर फोन करूनही तक्रार नोंदवता येते. आपण गिऱ्हाईक असतो तेव्हा आपल्यालाही हे कामास येते.

फुकट काम करून घेण्यासाठीच तक्रार करणारेही असतात. दर वर्षी काम झाल्यावर काहीतरी काढून पाचशे कापणारे, किंवा "घरचाच आहेस ना" म्हणणारे लांबचे मामू. त्यांना नाही म्हणता आले पाहिजे, आवाज न चढवता. कामाआधीचे फोटो, एका कोपऱ्यात हातभर जागा धुऊन दाखवलेला नमुना आणि पावतीवर लिहिलेले "लोणा, गंज व मुरलेले डाग जातीलच असे नाही" हे एक वाक्य असले की नाही म्हणणे फार सोपे जाते.

आता घरातल्या बायकांसाठी, कारण अशा बहुतेक धंद्यांचे हिशेब त्याच ठेवतात. बयाणा आला की तो घरखर्चात मिसळू नये. काम होईपर्यंत ती गिऱ्हाइकाची अमानत आहे. वेगळ्या डब्यात किंवा वेगळ्या खात्यात राहू द्यावी. प्रत्येक कामाच्या शंभर रुपयांमागे पाच रुपये दुरुस्ती आणि परतफेडीसाठी बाजूला पडत गेले, तर पैसे परत द्यायच्या दिवशी घरात भांडण होत नाही. आणि परत दिलेली रक्कम मजुरांच्या रोजातून कापू नये. मजुराच्या मजुरीबद्दल आपल्याकडे काय सांगितले आहे ते मदरशात जाणाऱ्या लहान मुलालाही पाठ असते. मजुराने मुद्दाम नुकसान केले असेल तर ते त्याच्याशी वेगळे बोलावे, त्या दिवसाचा रोज हातावर ठेवून.

पैसे परत करताना ते कोणाच्या हाती धाडू नयेत. ज्या खात्यावरून आले त्याच खात्यावर पाठवावेत आणि सोबत दोन ओळी लिहाव्यात. त्या मुलाने कुवेतला पाठवलेला निरोप असा होता: "मागच्या भिंतीच्या कामापोटी रु. १,००० परत केले. गडग्याचे सांधे शुक्रवारनंतर गवंडी येऊन भरेल, त्याचे पैसे आम्ही देऊ. अंगणाचे काम पूर्ण, त्याबद्दल काही बाकी असल्यास आठ दिवसांत कळवावे."